एका खोलीत दोन दिवे

राहू बेटातल्या कुठल्याही वस्तीत दिवेलागणीला फिरून बघा. एक खोली, एक पांढरी ट्यूब. तिच्याच उजेडात भाकरी थापायची, पोरांनी अभ्यास करायचा, टीव्ही बघायचा, म्हाताऱ्या माणसाने पडायचे आणि तान्ह्या बाळाने झोपायचे. अकराला खटकन बटण बंद. मग डोळा लागत नाही म्हणून कुरकुर, आणि सकाळी सगळ्यांचीच चिडचिड.

आमच्याकडेही तेच होते. मुलगी दहावीला, तिला दहापर्यंत वाचायचे. सासूबाईंना नऊलाच झोप हवी. त्या डोळ्यांवर पदर घेऊन कूस बदलायच्या, आणि ट्यूब मालवली की मुलगी रडकुंडीला यायची. शेवटी तिच्या डाव्या हाताला, भिंतीकडे तोंड करून बसता येईल असा टेबललॅम्प ठेवला, पिवळट बल्बचा. ट्यूब नऊला बंद. घरातली सगळी भांडणे मिटली असे म्हणणार नाही, उजेडावरचे तेवढे मिटले.

उजेडाचे चोचले बंगलेवाल्यांनी करावेत, असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. मला उलटे वाटते. चार खोल्या असतील त्याने दार लोटले की झाले. ज्याच्याकडे एकच खोली आहे, त्याची भिंत उजेडानेच होते. वाचणाऱ्याचा कोपरा उजळ, झोपणाऱ्याचा अंधारा.

शरीरात एक घड्याळ असते. ते पेशींच्या आत कसे चालते हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळाले. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून हे घड्याळ दिवस-रात्र ओळखते. निळसर पांढरा उजेड म्हणजे त्याला दिवसच. मग झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. बल्बच्या खोक्यावर ‘६५०० के’ असेल तर तो पांढराशुभ्र, ‘२७००’ किंवा ‘३०००’ असेल तर पिवळा. स्वयंपाकाला, सुईत दोरा ओवायला पांढरा चांगला. जेवणे झाली की पिवळा, आणि शक्यतो खाली, नजरेत न घुसणारा.

बिलाची भीती नको. २० वॅटची ट्यूब दोन तास आधी बंद केली तर महिन्याला १.२ युनिट वाचते. ९ वॅटचा बल्ब तेवढाच वेळ लावला तर साधारण अर्धे युनिट जाते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, विजेचे कामही त्यांच्याकडेच होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह. ती आता घरात आली आहे, तर जरा विचाराने वापरू.

रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मोरीच्या वाटेवर अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा पायापाशी लावा. जुना काचेचा ‘झिरो’ बल्ब नावाचाच झिरो, १५ वॅटपर्यंत खातो.

आता एक बोलते, रागावू नका. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोभोवती निळी लुकलुकणारी माळ रात्रभर चालू असते. निळा आपला रंग, मलाही प्रिय. पण वंदना झाल्यावर ती बंद केली तर श्रद्धा कमी होत नाही, आणि समोर झोपलेल्या लेकराच्या पापण्यांवर रात्रभर लुकलुक होत नाही.

दारातला दिवा मात्र मालवू नका. आपल्याकडे उसाला लागून घरे आहेत, बिबट्या कधी अंगणात येईल सांगता येत नाही. फक्त त्याचे तोंड अंगणाकडे फिरवा, खिडकीतून अंथरुणावर नको.

आणि रांजणगाव, कुरकुंभच्या कंपन्यांत रातपाळी करणाऱ्यांचे उलटे. सकाळी घरी आल्यावर त्यांना अंधार लागतो. खिडकीवर जुनी जाड गोधडी टांगा. दुपारी दोनपर्यंत ती कोणी काढायची नाही, शेजारीण साखर मागायला आली तरी.