बरणीतलं झाड

"जे वाढतं ते सजीव" हे वाक्य आपण लहान मुलांना इतक्या सहज सांगून टाकतो की पुढे आयुष्यभर ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. मी बी.ए. झालेला मराठीचा मास्तर, विज्ञान माझा विषय नव्हे. तरी माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य ज्या तासाला सांगायचं, त्याच तासाला वर्गात रासायनिक बाग करून दाखवावी.

साहित्य फार लागत नाही. सोडियम सिलिकेटचं द्रावण, म्हणजे वॉटर ग्लास. आमच्या सोलापूरला ते नवं नाही. सूत पांढरं करताना पेरॉक्साइड झटकन फुकट जाऊ नये म्हणून त्यात ते घालतात. ते पाण्यात पातळ करायचं आणि बरणीत मोरचुदाचा एक खडा, हिराकसाचा एक खडा सोडायचा. (मुलांचे हात आणि डोळे मात्र जपा, दोन्ही द्रव्यं खोडकर आहेत.) थोड्याच वेळात खड्यांना कोंब फुटतात आणि ते वर चढू लागतात. निळे, हिरवट, वाकडेतिकडे. बघणारा म्हणतो, झाड उगवलं!

उगवत काहीच नसतं. खडा विरघळू लागला की त्याच्याभोवती धातूच्या सिलिकेटचा पातळ पापुद्रा धरतो. पापुद्र्यातून पाणी आत शिरतं, पण आतलं क्षार बाहेर येऊ शकत नाही. आत दाब वाढतो, पापुद्रा फाटतो, आतला द्राव बाहेरच्यापेक्षा हलका म्हणून वर उसळतो आणि उसळता उसळताच त्याच्याभोवती नवी भिंत तयार होते. पुन्हा दाब, पुन्हा फाटणं. बस्, एवढंच.

ग्लाउबर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने हे 1646 साली लिहून ठेवलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्तेफान लद्युक हा फ्रेंच डॉक्टर याच्या इतका नादी लागला की कवकांसारख्या, शंखांसारख्या आकृत्या वाढवून जीवाचं रहस्य यातच आहे असं म्हणू लागला. त्याला हसणारे पुष्कळ निघाले. मला तो अर्धा बरोबर वाटतो. तो आकारावर भाळला, पण खरी मौज त्या भिंतीत होती. जिथे काहीच वेगळं नव्हतं तिथे भिंतीमुळे 'आत' आणि 'बाहेर' असे दोन भाग झाले.

हाच धागा मायकेल रसेल या भूवैज्ञानिकाने धरला. आदिम समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी होता आणि त्यात लोह विरघळलेलं होतं. तळाच्या खडकातून कोमट, अल्कधर्मी पाणी वर येत असेल, तर दोन्ही भेटतात तिथे खनिजांचे पापुद्रे होणार. आपल्या पेशींत आजही पापुद्र्याच्या दोन बाजूंना प्रोटॉन कमीजास्त असतात आणि त्या फरकावर ऊर्जेचा कारखाना चालतो (हे दाखवणाऱ्या पीटर मिचेल यांना 1978 चं नोबेल मिळालं). रसेल म्हणतात, तो फरक खडकाने आयता दिला असेल. 2000 साली अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' सापडली, तेव्हा असं अल्कधर्मी पाणी सोडणारे, साठ-साठ मीटर उंचीचे पांढरे मनोरे प्रत्यक्ष दिसले.

इथे कुणीतरी हमखास लोणारचं नाव काढतो. लोणारचं पाणीही अल्कधर्मी, आणि 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. सगळं खरं. पण जीवाची सुरुवात तिथे शोधू नका. आपला काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, आणि जीव साडेतीनशे कोटींहूनही जुना. शिवाय नुसतं अल्कधर्मी पाणी पुरत नाही, भिंतीच्या पलीकडे वेगळं पाणी लागतं. लोणारच्या पाण्याला समोर जोडीदार नाही.

रसेल यांच्या म्हणण्यालाही विरोधक आहेत. लांब रेणू पाण्यात तुटतात, त्यांना अधूनमधून सुकणं लागतं, म्हणून जमिनीवरची ऊन पाण्याची डबकी बरी, असं त्यांचं म्हणणं. मला भिंतीचा पक्ष जास्त पटतो, पण डबक्यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही.

आणि हो, ही बाग फसवतेही. 2017 साली कॅनडातल्या अतिप्राचीन खडकात लोहखनिजाच्या सूक्ष्म नळ्या सापडल्या आणि सर्वांत जुने जीवाश्म म्हणून गाजल्या. 2019 साली दाखवून दिलं गेलं की तशा नळ्या रासायनिक बागेतही होतात, जीवाशिवाय. लद्युकचंच भूत!

असो. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. आपल्या राज्य मंडळाने 2018 च्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, आनुवंशिकता व उत्क्रांती हा धडा पहिलाच ठेवला, हे फार चांगलं केलं. त्या धड्याच्या तासाला ही बरणी टेबलावर असावी आणि मास्तरांनी उत्तर न सांगता मुलांना भांडू द्यावं, हे सजीव का नाही म्हणून. मोरचूद शाळेच्या कपाटात असतोच. सिलिकेट तेवढं विकत आणावं लागेल.