दप्तराची झाडलोट
कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात असलेला आमचा भाचा रात्रपाळी आटोपून घरी आला, तेव्हा चहा निवेपर्यंतही सुरू न होणाऱ्या संगणकास वैतागून मी, एका शेजाऱ्याच्या शिफारशीवरून, त्याची ‘रजिस्ट्री’ झाडून काढणारे एक फुकट सॉफ्टवेअर बसविण्याच्या बेतात होतो. ‘थांबा की मामा,’ तो म्हणाला, ‘यंत्र उघडण्याआधी आम्ही मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालतो, इथं आधी फोटो न् कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर.’ ती होताच त्याने रिस्टोअर पॉइंट निर्माण केला, डिस्क क्लीनअपने तात्पुरत्या फायलींचा गाळ उपसला आणि टास्क मॅनेजर उघडून, संगणकासोबतच उठून बसणाऱ्या अनेक आगंतुक प्रोग्रामांना स्टार्टअपच्या यादीतून रजा दिली. रजिस्ट्री मात्र यंत्राचे मूळ दप्तर. असल्या सफाई-साधनांच्या वापरास खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही, आणि या दप्तरातील एखादी नोंद गहाळ झाल्यास फेरफार कोणत्या तलाठ्याकडे मागावा? गती पुष्कळ सुधारली. तथापि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपुष्टात आला असून, विंडोज ११ ला आवश्यक असलेले टीपीएम २.० आमच्या यंत्रात नाही, एवढे सांगून भाचा झोपावयास गेला.