घरघर किती मोठी, यापेक्षा श्वास किती कष्टाचा

तान्हे बाळ श्वास घेताना आवाज करू लागले की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, "छातीत कफ साठलाय, उतरेल हळूहळू." जुन्नर-आंबेगावच्या गावांतून हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. नाक चोंदले असेल तर ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु जन्मानंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेला, सर्दी-ताप नसतानाही टिकून राहणारा आणि श्वास आत घेताना येणारा चिरका आवाज कफाचा नसतो. श्वासाची वाटच अरुंद झाल्याची ती खूण असते.

त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे लॅरिंगोमलेशिया. यात स्वरयंत्राच्या वरच्या भागातील कूर्चा मऊ असतात आणि श्वासाबरोबर आत झुकतात. बाळ उताणे असताना, दूध पिताना किंवा रडताना आवाज वाढतो. सहा-आठ महिन्यांपर्यंत तो वाढत जातो, मग ओसरू लागतो आणि बहुतेक बाळांत दीड-दोन वर्षांत शस्त्रक्रियेविना थांबतो. थोड्या बाळांना मात्र शस्त्रक्रिया लागते. शिवाय जन्मजात अरुंद श्वासनलिका किंवा हालचाल न करणारे स्वरतंतू यांचाही आवाज असाच असू शकतो. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने एकदा तपासणी करून घ्यावी.

तान्ह्याच्या बाबतीत एवढी काळजी का? स्वरयंत्राखालील जागा बाळात सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते. तिला चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर रुंदी २ मिलिमीटर उरते, म्हणजे वाट एक चतुर्थांश होते. प्रौढाच्या ८ मिलिमीटरच्या वाटेला तेवढीच सूज आली तरी निम्म्याहून अधिक वाट मोकळी राहते. आपल्याला साधी वाटणारी सर्दी अशा बाळाला जड जाते ती यामुळे.

घरच्यांनी आवाजाच्या मोठेपणावरून आजार मोजू नये. बाळाचे अंगडे वर करून पाहावे. बरगड्यांखाली किंवा गळ्याच्या खळगीत खड्डा पडतो का? दूध पिताना ते वारंवार थांबते का, घामाघूम होते का? अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी चढत्या आहेत का? बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शांत बाळाचा श्वास चिरका येऊ लागला, ओठ निळसर दिसले, श्वास मध्येच थांबला किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर क्षणभरही थांबू नये. थकलेल्या बाळाचा आवाज एकाएकी मंदावला, तर ते बरे झाले असे समजू नये. त्याची ताकद संपत आलेली असू शकते.

आता आजी-आजोबांसाठी थोडे. न्हाऊ घातल्यावर दिली जाणारी ओवा-शेपांची धुरी, टाळूवरची वेखंडाची पूड, चुलीचा धूर, मिश्री भाजताना उठणारा धूर हे सारे या बाळापासून दूर ठेवावे. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. वर्षाच्या आत मध चाटवू नये. 'डबा' झाला म्हणून पोटावर डाग देणे तर कदापि नको. भाजल्याच्या वेदनेने रडणाऱ्या बाळाचा श्वास आणखी कोंडतो. दूध पाजताना डोके उंच धरावे, मध्ये विसावा द्यावा, नंतर वीस-तीस मिनिटे उभे धरावे. पालथे झोपवल्यास आवाज कमी होतो हे खरे, तरीही तज्ज्ञांनी वेगळे सांगितले नसेल तर उताणेच झोपवावे.

काही बाळांना गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवावी लागते. अशा बाळाचे रडणे बहुधा ऐकू येत नाही, हे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. नळीतील स्राव ओढून काढणे आणि नळी बदलणे आईखेरीज आणखी एकाने तरी रुग्णालयातच शिकून घ्यावे. ज्यांना कमी ऐकू येते अशा आजोबांनी पाळी घेताना बाळाच्या छातीवर नजर राहील असे बसावे.

आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. आवाज त्यांच्या कानावर घालावा. बाळ झोपलेले, दूध पीत असलेले आणि रडत असलेले अशी मोबाईलवर छोटी चित्रफीत काढून ठेवावी, कारण दवाखान्यात नेमके तेव्हा ते गप्प असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, पण श्वासाचा प्रश्न तोवर थांबवून ठेवू नये. मंचरहून पुणे सुमारे साठ किलोमीटर, जुन्नरहून त्याहून दूर. भीमाशंकर किंवा माळशेजच्या अंगाला राहणाऱ्यांना तर पावसाळ्यात फोनही लागत नाही. तेव्हा १०८ ला फोन कोठून लागतो, रात्री कोणाची गाडी मिळेल, कोणत्या रुग्णालयात जायचे, हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे.

शेवटचे सांगणे आईविषयी. "गरोदरपणी थंड खाल्लेस म्हणून हे झाले" असे तिला ऐकवले जाते. त्यात तथ्य नाही. रात्रभर बाळाचा श्वास ऐकत जागणाऱ्या त्या मुलीला दोष देऊ नये. तिला सलग चार तास झोप मिळावी म्हणून घरातल्या थोरांनी एक पाळी आपल्याकडे घ्यावी.