समेट झाला, पण कोणाकोणाचा?

नोकरीच्या काळात काही वर्षे मी धानोऱ्याला होतो. बँकेच्या शाखेसमोर एक जुना मोह होता आणि बाजाराच्या दिवशी शाखेत असे त्याहून जास्त गर्दी त्याच्या सावलीत असे. अशाच एका बाजाराच्या दिवशी दोन भाऊ माझ्या टेबलापाशी आले. वडील वारले होते. त्यांच्या मुदत ठेवीवर वारस म्हणून थोरल्याचे नामांकन होते आणि त्याला पैसे देऊ नयेत, असा अर्ज धाकट्याने आणला होता. मी नियम सांगितला. बँक रक्कम नामांकित व्यक्तीच्या हाती देते, पण त्यामुळे ती व्यक्ती मालक होत नाही. सर्व वारसांच्या वतीने ती रक्कम तिच्याकडे येते. नियम बरोबर होता, आणि दहा मिनिटांत तो समजावूनही झाला. भांडण मात्र जसे आले तसेच उठून बाहेर गेले.

मोहाखाली आमचा शिपाई त्या दोघांपाशी जाऊन बसला. आधी धाकट्याजवळ, मग थोरल्याजवळ, मग दोघांच्या मध्ये. संध्याकाळी शाखा बंद करताना तो म्हणाला, "पैशाचं नाही जी साहेब. बापाच्या तेरवीले धाकट्याले निरोपच गेला नाही, ते त्याच्या मनात हाये." पुढच्या बाजाराला दोघे भाऊ एकत्र आले. धाकट्याने अर्ज मागे घेतला, थोरल्याने रक्कम उचलली आणि मोहाखालीच अर्धी अर्धी वाटून दोघे एका सायकलवरून घरी गेले. माझ्याकडे पैसे अडवण्याचा किंवा देण्याचा अधिकार होता. शिपायाकडे फक्त वेळ होता. काम त्याच्याकडून झाले.

ही आठवण काढायचे कारण म्हणजे २०२३ चा मध्यस्थी कायदा. त्याला त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये त्यातली काही कलमे लागूही झाली. न्यायालयाच्या सांगण्यावरून मध्यस्थीकडे जाण्याची वाट दिवाणी प्रक्रिया संहितेने २००२ पासूनच उघडली होती, आणि कुटुंब न्यायालयांत समुपदेशक त्याही आधीपासून आहेत. नव्या कायद्याने मध्यस्थी हा एक स्वतंत्र व्यवसाय मानला. त्याला प्रशिक्षण हवे, आचारसंहिता हवी आणि तिथे झालेले बोलणे गुप्त राहायला हवे, हे त्यात आले. याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे एक प्रकरण आहे. एखाद्या वस्तीतील कुटुंबांचा किंवा रहिवाशांचा सलोखा बिघडवणारा तंटा असेल, तर दोन्ही बाजूंच्या संमतीने तो तीन मध्यस्थांपुढे न्यावा, अशी ती तरतूद आहे. या मार्गाने झालेल्या समेटाला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नाही. तो टिकला तर माणसांच्या शब्दावर टिकायचा.

शहरातल्या वाचकाला हे नवे वाटेल. धानोऱ्याच्या माणसाला वाटणार नाही. धानोऱ्याहून गडचिरोलीकडे निघाले की थोड्याच अंतरावर मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव लागते. 'दिल्ली मुंबई आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे ते देशभर माहीत झाले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेल्या या गावाची खरी कमाई मात्र बांबूची नाही, बैठकीची आहे. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बसायचे. हातवर केलेल्यांची मोजणी पाच मिनिटांत होते, पण हरलेली बाजू घरी जाऊन दुसऱ्या दिवसाची तयारी करते, हे या गावाने ओळखले. १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला तंटे मिटवण्याची आपली रूढ पद्धत जपण्याचा अधिकार दिलेला आहे.

मग आपले भागले, असे कोणी म्हणेल. तिथेच थोडे थांबले पाहिजे.

त्या दोन भावांची गोष्ट मी पुष्कळ वर्षे कौतुकाने सांगत आलो. निवृत्तीनंतर एकदा सांगता सांगताच आठवले की, धाकट्याच्या अर्जात 'आम्ही दोघे भाऊ व एक बहीण' असे लिहिलेले होते. ते मी स्वतः वाचले होते. कुटुंब आदिवासी नव्हते. हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या ठेवीत तिचा वाटा भावांइतकाच होता. तिला मोहाखाली कोणी बोलावले नाही. शिपायाच्या ते मनात आले नाही, आणि नियम पाठ असलेल्या माझ्याही आले नाही. बँकेच्या दृष्टीने व्यवहार चोख होता. भावांच्या दृष्टीने समेट झाला होता. तिच्या दृष्टीने काय झाले, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

गावातल्या समेटाचे दुखणे हेच आहे. जो बैठकीत नाही, त्याच्या खिशातून बहुधा समेटाची किंमत जाते. महाराष्ट्राने २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. हेतू चांगला होता आणि पुष्कळ गावांत बांधावरची भांडणे मिटलीही. पण मिटलेल्या तंट्यांवर गुण आणि गुणांवर बक्षीस आले की समेटाचे 'टार्गेट' होते. टार्गेटपायी काय काय होते, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला 'नांदायला जा' म्हणून परत पाठवले, तर कागदावर एक तंटा कमी होतो. जातपंचायतींनी तर निवाड्याच्या नावाखाली दंड आणि बहिष्कार इतका माजवला की, राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो २०१७ मध्ये लागू झाला. ज्याच्यापुढे 'नाही' म्हणता येत नाही, तो मध्यस्थ नव्हे.

तंटा धर्माचा असला की हे सारे आणखी नाजूक होते. आपल्या शेजारच्या राज्यातील बस्तर जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये एक ख्रिस्ती पाद्री वारले. गावात दफनाला विरोध झाला. आमची आधीची माणसे इथेच पुरली आहेत, असे कुटुंब सांगत होते. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे दोन न्यायमूर्तींची मते जुळली नाहीत. खासगी जमिनीत दफन होऊ द्यावे, असे एकांचे मत. ठरलेल्या दफनभूमीतच व्हावे, असे दुसऱ्यांचे. अखेर गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दफनभूमीचा आदेश झाला. तोवर मृतदेह सुमारे तीन आठवडे शवागारात होता. न्यायालयाने आपले काम केले. पण त्या गावातले दोन्हीकडचे लोक उद्याही त्याच विहिरीवर भेटणार आहेत, आणि कोणत्याही निकालपत्रात त्या विहिरीची सोय नसते.

अशा वेळी मध्यस्थाने काय करावे? प्रेत दारात असताना फारसे काही करता येत नाही. आधी बसायला हवे होते. गावाला नेमके भय कशाचे आहे, देवस्थानाचे, जमिनीचे, की माणसे दुरावण्याचे, हे एकीकडे ऐकायचे; कुटुंबाला काय टोचते, ते दुसरीकडे. मात्र माणसाला सन्मानाने मूठमाती मिळणे ही घासाघीस करण्याची बाब नाही. ती जमीन धरून तिच्यावर बोलणी उभी करायची. नव्या कायद्यानेही फौजदारी खटल्यांसारखे विषय सामान्यतः मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत. कुठे बसायचे नाही, हे कळणे हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे.

म्हणून मला वाटते की, गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मध्यस्थ नागपूरहून मोटारीने येऊ नयेत. ते इथलेच असावेत, गोंडी आणि छत्तीसगढी बोलणारे असावेत आणि त्यांत बायका बरोबरीने असाव्यात. मेंढ्याने कमावलेला धीर त्यांच्यापाशी असावा आणि प्रशिक्षणाने येणारी शिस्तही असावी. प्रत्येकाचे एकेकट्याने ऐकायचे, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, आणि बैठक सुरू करण्याआधी विचारायचे की, अजून कोण यायचे राहिले आहे?

आमचा शिपाई भला माणूस होता. हा एक प्रश्न त्याला कोणी शिकवला असता, तर त्याने तो नक्की विचारला असता. मला तर शिकवायचीही गरज नव्हती. अर्ज माझ्या हातात होता.