मनोराज्य आणि भाग्य

डोळे मिटून इच्छित धनाचें चित्र मनांत रंगवावें, तें मिळालेंच असें समजून आभार मानावे व निःशंक श्रद्धा ठेवावी. म्हणजे लक्ष्मी आपण होऊन घरीं येते, असा उपदेश सांप्रत फार ऐकूं येतो. हें मत नवें नव्हे. अमेरिकेंत वॉलेस वॉटल्स यांनीं १९१० सालीं अशाच आशयाचें पुस्तक लिहिलें. त्यावरून स्फूर्ति घेऊन ऱ्होंडा बर्न यांनीं २००६ सालीं ‘द सीक्रेट’ प्रसिद्ध केलें.

कल्पनाशक्ति अगदींच व्यर्थ, असें आमचें म्हणणें नाहीं. कॅलिफोर्नियांतील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तम गुण मिळाल्याचें चित्र रोज पाहणारांपेक्षां, आपण अभ्यासास बसलों आहों असें चित्र पाहणारांस अधिक गुण पडले. ते खरोखरच अधिक वेळ अभ्यासासही बसले. व्यापाऱ्यांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. भरल्या गल्ल्याचें ध्यान करणारानें उधारीची वही एकदां उघडावी! कृतज्ञतेनें चित्त प्रसन्न राहतें, हेंही आम्हांस मान्य. परंतु प्रसन्न चित्तावर हुंडी वटत नाहीं.

या मताचा खरा दोष मात्र निराळाच आहे. ज्याच्या त्याच्या विचारांसारखें त्यास फळ मिळतें असें एकदां ठरलें, कीं दारिद्र्याचें व रोगाचें खापर त्या दुःखिताच्याच माथीं फुटतें. पूर्वजन्मींच्या पापाचा जो बट्टा आपण दीनदुबळ्यांस पिढ्यानुपिढ्या लावीत आलों, तोच हा नव्या पोशाखांत. अवर्षणानें पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या ओटीवर बसून, “बाबा, तूं पावसाचें चित्र नीट पाहिलें नाहींस,” असें सांगण्याचें धैर्य या उपदेशकांपैकीं कोणास आहे काय?