दया नको, वर्गातली जागा हवी!



"अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते," असे एखादा मुख्याध्यापक पालकांना सुनावतो, तेव्हा आम्हाला स्वतःचे गोणपाट घेऊन वर्गात वेगळा बसणारा भीमराव आठवतो. कारण वेगळे, मनोवृत्ती तीच!

2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. म्हणजे निवड मुलाची, मुख्याध्यापकाची नव्हे. 2022 मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे 1 विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. तुमच्या तालुक्यात ते आहे का?

शिक्षणहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. पण शाळेत रॅम्प नाही, वापरता येईल असे शौचालय नाही, शिक्षक नाही, तर तो पर्याय कसला? ते नवे गावकूस आहे.

सरकारने 'दिव्यांग' हा गोड शब्द दिला. शब्दाने पायरी उतरत नाही. आरक्षणाला भीक म्हणणारेच रॅम्पला उपकार म्हणतात, हे ओळखा. दलित वस्तीतल्या कर्णबधिर मुलीवर दोन्ही भिंती एकदम कोसळतात. म्हणून हा प्रश्न चळवळीचाच आहे.

मित्रांनो, आपल्या कॉलेजात अपंगांच्या 5 टक्के जागा भरल्या का, हे माहिती अधिकारात विचारा. आपल्या विहारात रॅम्प आहे का, तेही पाहा. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश पायऱ्या चढू शकणाऱ्यांपुरता नव्हता!