आधी बारा रुपये, मग बक्षीस

आज शिक्षक दिन. गावोगावी सत्कार होतील, जिल्हा परिषदांचे आदर्श शिक्षक पुरस्कार दिले जातील, भाषणांतून गुरूचे माहात्म्य सांगितले जाईल. चांगल्या मास्तरांना गावाने फेटा बांधावा, यात गैर काहीच नाही. पण राज्य आपल्या शिक्षकाची कदर किती करते हे पाहायचे तर पगारपत्रक उघडावे लागते, आणि ते आजच उघडलेले बरे.

या प्रश्नावर महाराष्ट्रात लिहिला गेलेला सर्वांत शहाणा मजकूर १८८२ सालचा आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो निदान १५ ते २० रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपालाचे काम पाहणे अशा जबाबदाऱ्या मास्तरांकडे द्याव्यात म्हणजे गावात त्यांचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचवले. ज्या मास्तरांची मुले जास्त संख्येने उत्तीर्ण होतात, त्यांना पगाराखेरीज काही खास भत्ता द्यावा, हेही त्यात आहे. म्हणजे उत्तेजन देण्याला जोतीरावांचा विरोध नव्हता.

पण त्याच निवेदनात त्यांनी निकालावर पैसे देण्याची पद्धत साफ नाकारली. ही पद्धत इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी आणली होती आणि मुंबई इलाख्यातही शाळांची अनुदाने तिच्यावर ठरत. तपासनीस येई, मुलांची परीक्षा घेई आणि त्या निकालाच्या हिशेबाने शाळेला रक्कम मिळे. जोतीरावांचे म्हणणे असे की, ज्या गोरगरिबांना शिक्षणाची गोडी अजून लागलेलीच नाही, त्यांच्यात ही पद्धत कुचकामी आहे; तिच्या भरवशावर कोणी शिक्षक तिथे शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोटच भरणार नाही. त्यांच्या मांडणीत पोटापुरता आणि अब्रूने जगण्यापुरता पगार आधी येतो. बक्षीस त्याच्या वरचे. पगाराची जागा बक्षिसाने घेऊ नये, हे सांगणाऱ्या जोतीरावांनी स्वतः शाळा चालवून पाहिल्या होत्या.

हा क्रम उलटला की काय होते, हे अमेरिकेतल्या अटलांटा शहराने दाखवून दिले. तिथल्या शाळांत चाचण्यांच्या गुणांची उद्दिष्टे ठरली होती. ती गाठली की बोनस, हुकली की नोकरीवर गदा. गुण झपाट्याने चढले. शहराच्या शाळाप्रमुख बाईंना २००९ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा सन्मानही मिळाला. पुढे राज्याच्या चौकशीत आढळले की ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांतील गैरप्रकाराशी संबंध होता. मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली गेली होती. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांना येते असे कागदावर दाखवले गेले, आणि त्यामुळे त्यांना मिळायला हवी होती ती मदत मिळालीच नाही. या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त टोचते ते हे.

महाराष्ट्रात निकालावर पगार नाही, हे चांगले आहे. पण जोतीरावांची पहिली पायरी आपण चुकवली आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तिजोरीवरचा ताण हे तिचे कारण. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची: प्राथमिकला ३,००० रुपये, माध्यमिकला ४,०००, उच्च माध्यमिकला ५,०००. नंतर ही रक्कम वाढली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाली. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते, महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर. म्हणजे डी.एड., टीईटी, मग अभियोग्यता चाचणी असे सगळे उंबरठे ओलांडून पवित्र पोर्टलमधून निवडलेली मुलगी, शेजारच्या वर्गावरच्या सरांइतकेच तास घेऊन, त्यांच्या निम्म्याहून कमी पैशांत महिना काढते. घर लांबच्या जिल्ह्यात असेल तर खोलीचे भाडे आणि एसटीचे तिकीट त्यातच. परिवीक्षा हवी, कामाची पारख हवी. पण त्यासाठी अर्ध्या पोटी ठेवण्याची गरज कोणती?

खरे उत्तेजन जिथे हवे, तिथेही हात आखडता आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागांत कर्मचारी टिकावेत म्हणून २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी दिली आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ताही. पण भत्त्याची कमाल मर्यादा १,५०० रुपये. हेतू अगदी योग्य होता, रक्कम मात्र महागाईने केव्हाच गिळली. धडगाव किंवा भामरागडला मुलाबाळांसह राहायचे ठरवणाऱ्या गुरुजींना हे पैसे कितीसे पुरणार?

‘पगार भरपूर घेतात, मग मुलांना भागाकार का येत नाही?’ हा पालकांचा प्रश्न आम्ही झटकून टाकत नाही. उत्तर मागण्याचा त्यांना हक्क आहे. पण शाळेची जबाबदारी कोणाकडे, हेही मग विचारावे लागते. प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या आत असेल तर मुख्याध्यापकाचे पदच मिळत नाही. वर्गावरचे गुरुजीच चार्ज सांभाळतात, पोषण आहाराची नोंद करतात, ऑनलाइन माहिती भरतात, मतदारयादीचे काम करतात. बारा वर्षांनी मिळणारी वरिष्ठ श्रेणी प्रशिक्षणाअभावी अनेकांची रखडली. अनुदानाच्या टप्प्यांवर अडकलेल्या शाळांच्या शिक्षकांना तर आंदोलनासाठी मुंबईच्या आझाद मैदानाची वाट पाठ झाली आहे. २००९ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या मान्यतेतला ‘कायम’ शब्द गेला, म्हणजे अनुदानाची वाट मोकळी झाली. पूर्ण पगाराची प्रतीक्षा त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिली.

शासनाने तीन वर्षांची परिवीक्षा खुशाल ठेवावी, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनावर. दुर्गम भागाच्या भत्त्यावरची १,५०० रुपयांची मर्यादा काढून टाकावी. पैशांअभावी दोन्ही एकदम जमणार नसेल, तर नव्या शिक्षकाच्या वेतनाची तरतूद आधी करावी.